घाणेरडं लोणी आणि एक तिरकी रेघ

२०२३ चा जुलै. बाहेर धो धो पाऊस, हातात आल्याचा चहा, आणि इनबॉक्समध्ये फ्रान्सहून आलेली एक मेल. विषयाच्या जागी एकच प्रश्न होता: ‘आमचं लोणी घाणेरडं आहे का?’

मला वाटलं, स्पॅम आहे. मग पाठवणाऱ्याचं नाव बघितलं आणि चहा घशातच अडकला. मेल माझ्या क्लायंटची होती.

सांगते. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे लेख छापून येतो आज आणि चेक येतो दिवाळीनंतर. मधल्या काळात घरभाडं थांबत नाही, म्हणून भाषांतराची छोटीमोठी कामं घेते. मास कॉम करताना हौसेने फ्रेंच शिकले होते, बी-टू लेव्हलपर्यंत पोचलेही. त्या जोरावर पुण्यातल्या एका छोट्या आयटी कंपनीकडून मला हे काम मिळालं. ब्रिटनीतल्या काही क्रेपरींचं मेन्यूकार्ड. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं वायव्येला समुद्रात घुसलेलं टोक, स्पिअर्सबाई नव्हे! आणि क्रेप म्हणजे काय, तर आपलं धिरडंच. मैद्याचं गोड केलं की क्रेप, कुट्टूच्या पिठाचं तिखटामिठाचं केलं की गॅलेट. दोनशेच्या वर पदार्थ, प्रत्येकाखाली मी दोन ओळींचं इंग्रजी वर्णन लिहायचं. पैसे बावीस हजार. म्हणजे माझं दोन महिन्यांचं भाडं. मी ‘हो’ म्हणायला अर्धं मिनिटही घेतलं नाही.

काळा पडदा

पहिला धक्का होता तो फाइल उघडायचा. ती वर्डमध्ये नव्हती, एक्सेलमध्ये नव्हती. ती होती तिकडच्या सर्व्हरवर, आणि तिथे पोचायचा रस्ता एकच. टर्मिनल. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, लुकलुकणारा कर्सर. माउस निरुपयोगी. मेन्यू नाही, बटणं नाहीत, बोल्ड-इटॅलिक नाही. नुसती अक्षरं.

कंपनीतल्या सर्व्हर सांभाळणाऱ्या दादाने फोनवर दीक्षा दिली. ‘मॅडम, एडिटरचं नाव व्हिम. आय दाबलं की लिहायचं. एस्केप दाबलं की लिहिणं बंद. कोलन, डब्ल्यू, क्यू केलं की सेव्ह होऊन बाहेर. बास, एवढंच.’

एवढंच! व्हिममधून बाहेर कसं पडायचं, यावर जगभरातले इंजिनिअर्स वर्षानुवर्षं विनोद करतात, हे मला नंतर कळलं. पण मी शिकले. आणि खरं सांगू? थोडं भारीही वाटलं. कॅफेत बसून काळ्या पडद्यावर टाइप करत असले, की शेजारच्या टेबलवरचे लोक मी काहीतरी हॅक करतेय अशा नजरेने बघायचे. मी तेव्हा प्रत्यक्षात ‘हॅम आणि चीज’ लिहीत असायचे.

दुसरी गडबड मात्र पहिल्या ओळीपासूनच होती. फ्रेंच शब्दांमध्ये मध्येच कचरा दिसत होता. कॅपिटल ए, त्याच्या डोक्यावर नागमोडी लाट, आणि त्याला खेटून गोलातला सी, म्हणजे चक्क कॉपीराइटचं चिन्ह. कधी त्या सीच्या जागी दोन टिंबं, कधी कायद्याच्या पुस्तकात कलमासाठी वापरतात ते वेटोळं. कर्सरही बिथरलेला. जिथे दिसायचा तिथे तो नसायचाच, एक घर मागेपुढे उडी मारायचा.

मला वाटलं, फाइल करप्ट आहे. अशा ठिकाणी फ्रेंचमध्ये ॲक्सेंट असतो, हे मला ठाऊक होतं. पण माझ्या कीबोर्डवर ॲक्सेंट होते कुठे? विंडोजवर आल्ट दाबून नंबर मारायची युक्ती कॉलेजपासून पाठ होती, पण ती चालते कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबरपॅडवर. माझ्या लॅपटॉपला तो नव्हताच. मग मी काय केलं असेल? दोन रात्री बसून तो सगळा ‘कचरा’ एकेक करून हाताने काढला, आणि त्या जागी साधी, स्वच्छ इंग्रजी अक्षरं भरली. फ्रेंच मित्रमैत्रिणी चॅटवर कुठे ॲक्सेंट देतात? कळतंय ना? मग झालं!

सेव्ह केलं. बाहेर पडले. इन्व्हॉइस पाठवलं.

एक रेघ काय काय करते

तर ती मेल. फ्रेंचमध्ये खाऱ्याला म्हणतात ‘साले’. आपल्याकडच्या शिवीशी संबंध नाही! इंग्रजी स्पेलिंगमध्ये सांगायचं तर एस, ए, एल, ई, आणि शेवटच्या ई वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ. ती रेघ काढली की शब्द होतो ‘साल’. अर्थ: घाणेरडं.

आणि खारं लोणी ही ब्रिटनीची नुसती चव नाही, अस्मिता आहे. बाकी फ्रान्स बिनमिठाचं लोणी खातो, हे लोक खारंच खाणार. खाऱ्या लोण्याचं कॅरामेल ही तिथली खासियत. कोल्हापूरच्या हॉटेलबाहेर ‘येथे बेचव तांबडा रस्सा मिळेल’ अशी पाटी लावावी, तसं मी केलं होतं. त्यांच्या मेन्यूवर सात ठिकाणी घाणेरडं लोणी झळकत होतं. त्यातल्या एका दुकानात तर दुपारच्या जेवणाच्या वेळी स्क्रीनवर ते दिसलंही.

मी तिकडच्या मॅनेजरबाईंना फोन लावला. मी त्यांना मादाम म्हणते. वाटलं होतं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे माझा मेन्यू मलाच वाचून दाखवला. ते जास्त वाईट होतं.

‘फ्युमे’ म्हणजे धुरावलेलं, स्मोक्ड. रेघ गेली की ‘फ्युम’, म्हणजे धूर काढतो. माझ्या मेन्यूवरचं हॅम सिगरेट ओढत होतं. ‘पात’ म्हणजे मळलेलं पीठ किंवा भिजवलेलं मिश्रण, आणि ‘पाते’ म्हणजे खिम्यासारखं मांसाचं वाटण. पहिल्यात ए वर टोपी, दुसऱ्यात ए वर टोपी आणि ई वर रेघ. मी दोघांचीही टोपी आणि रेघ काढून दोघांना एकाच पंगतीत बसवलं होतं. शाकाहारी माणसाने त्यातून काय निवडायचं?

‘तुम्हाला फ्रेंच येतं ना?’ मादामनी शेवटी विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच पडलेला प्रश्न होता. मी ‘येतं’ म्हणाले, पण ते मलाच ऐकू आलं नाही.

कचरा नव्हताच तो

रात्री दादाला फोन केला. घडलं ते सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला, ‘अहो मॅडम, फाइल बरोबर होती. तुमची खिडकी चुकीची होती.’

त्याने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६३ मध्ये अमेरिकेत अक्षरांना आकडे वाटून देणारा ‘आस्की’ नावाचा तक्ता ठरला. त्यात जागा होत्या १२८. त्यातल्या ३३ यंत्राला आज्ञा द्यायला खर्च झाल्या, उरल्या ९५. त्यात इंग्रजीची एबीसीडी, आकडे आणि विरामचिन्हं बसली. फ्रेंचची रेघ नाही बसली, आणि आपला ‘अ’ तर खिजगणतीतही नव्हता.

मग प्रत्येकाने आपापली सोय केली. १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यात आकडे २५५ पर्यंत वाढवले होते. तिरकी रेघवाला ई बसला १३० नंबरवर. तीच माझी आल्ट दाबून मारायची युक्ती! पण त्या तक्त्यात सगळी मोठी अक्षरं नव्हती. कॅपिटल ई वर उजवी रेघ मिळायची, डावी नाही. पुढे १९८७ मध्ये पश्चिम युरोपसाठी ‘लॅटिन-१’ नावाचा वेगळा तक्ता झाला. त्यात आपला ई गेला २३३ नंबरवर. म्हणजे एकाच अक्षराचे दोन पत्ते. पाठवणारा एका पत्त्यावर पाठवतो, घेणारा दुसऱ्या पत्त्यावर शोधतो. मध्ये कचरा.

आणि या लॅटिन-१ मध्येही एक फ्रेंच अक्षर राहूनच गेलं! ओ आणि ई यांचं जोडाक्षर. फ्रेंचमध्ये बहीण, हृदय, अंडं हे तिन्ही शब्द त्याच्याशिवाय पूर्ण होत नाहीत. ज्या दोन जागा त्याच्या लहान-मोठ्या रूपांना मिळू शकल्या असत्या, तिथे गुणाकाराचं आणि भागाकाराचं चिन्ह जाऊन बसलं. १९९९ मध्ये सुधारून काढलेल्या तक्त्यात, युरोच्या चिन्हाबरोबर, त्याला एकदाची सीट मिळाली. हृदयाला बारा वर्षं वेटिंग!

यावरचा खरा उतारा म्हणजे युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा नंबर. आणि तो नंबर साठवायची आज सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, ताटाखालच्या कागदावर तिची मांडणी केली. यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, फ्रेंच रेघवाल्या ई ला दोन, आणि आपल्या देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन.

माझी फाइल यूटीएफ-८ मध्ये होती. माझं टर्मिनल मात्र अजून लॅटिन-१ च्या जमान्यात. म्हणून एका अक्षराचे दोन बाइट त्याला दोन वेगवेगळी अक्षरं वाटत होती. पहिला बाइट लाटवाला ए, दुसरा कॉपीराइटचं चिन्ह. एडिटर एक घर मोजत होता, पडदा दोन घरं दाखवत होता, म्हणून कर्सर बिचारा उड्या मारत होता.

सेटिंगमधला एक पर्याय बदलायचा होता. फक्त एक. तो न बदलता मी दोन रात्री जागून एका भाषेचे दागिने उतरवले होते.

पापी माणसाचं धिरडं

‘आता टाइप कसं करू?’ मी रडकुंडीला येऊन विचारलं. ‘नंबरपॅड नाहीये माझ्याकडे.’

‘कशाला पाहिजे? लिहिण्याच्या मोडमध्ये कंट्रोल आणि के दाबा. मग ई, मग सिंगल कोट.’

दाबलं. काळ्या पडद्यावर ई उमटला, आणि त्याच्या डोक्यावर एक छोटीशी, तिरकी, ठसठशीत रेघ. तुम्हाला हे वेडेपणाचं वाटेल, पण मला त्या क्षणी पहिल्यांदा सायकल आली तेव्हासारखं वाटलं.

गंमत म्हणजे ही पद्धत अंदाजाने सुद्धा लक्षात राहते. उजवीकडे चढणारी रेघ हवी, तर कोट. डावीकडची हवी, तर उद्गारचिन्ह. टोपी हवी, तर गणितातलं ‘पेक्षा मोठे’ चिन्ह. सी खालची शेपटी हवी, तर स्वल्पविराम. दोन टिंबं हवीत, तर कोलन. आणि ते बारा वर्षं ताटकळलेलं जोडाक्षर? ओ आणि ई, बस्स. जुन्या मराठी टाइपरायटरवर अर्धं अक्षर मारून मग पुढे काना मारायचे, त्यातलाच प्रकार. दोन तुकड्यांचं एक अक्षर.

त्या रात्री मी दोनशेच्या वर पदार्थ परत सुरुवातीपासून तपासले. पहाटे चारला मासे घातलेल्या एका गॅलेटपाशी आले. कोळ्याची गॅलेट. ‘पेशर’. कोळ्याच्या ई वर टोपी असते. झोपेच्या तारेत मी दिली रेघ. सकाळी मादामची मेल आली. या वेळी शेवटी एक स्माइली होती. टोपीऐवजी रेघ दिली, की कोळ्याचा पापी होतो. मी ब्रिटनीच्या किनाऱ्यावर पापी माणसाचं धिरडं विकायला ठेवलं होतं.

‘हे मात्र खपेल,’ त्यांनी लिहिलं होतं.

कळतंय ना?

पैसे मिळाले का? मिळाले. चार हजार कापून. दुरुस्तीच्या दोन दिवसांचे. मी वाद घातला नाही.

पण मला टोचत होतं ते चार हजार नव्हते. टोचत होतं माझंच वाक्य. ‘कळतंय ना? मग झालं!’

माझी आई मुद्रितशोधक होती. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या सरळ केल्या तिने. लहानपणी माझी वही बघितली की म्हणायची, ‘अगं, दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. पाणी प्यायचं, आणि ऱ्हस्व वेलांटीचा पाणि म्हणजे हात. हात पिणार आहेस का?’ मी वैतागून म्हणायचे, ‘आई, कळतंय ना!’ आणि हीच मी आज चौकातल्या फ्लेक्सवर चुकीची वेलांटी दिसली की फोटो काढून ग्रुपवर टाकते, वर हसण्याच्या दहा स्माइली. आपली भाषा चुकली की अपमान, दुसऱ्याची चुकली की ॲडजस्टमेंट. असं कसं?

बरं, ही अक्षरांसाठी ताटकळण्याची गोष्ट आपल्याला नवीन आहे का? जुन्या फाँटमधली मराठी फाइल दुसऱ्या मशिनवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची रांगोळी, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने भोगलंय. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपला ‘ॲ’? तो स्वतंत्र अक्षर म्हणून आला थेट २००८ मध्ये. म्हणजे ‘ॲक्सेंट’ या शब्दातलं पहिलं अक्षरच आपल्याला सतरा वर्षं उशिरा मिळालं. फ्रेंच लोकांच्या हृदयापेक्षा पाच वर्षं जास्त वेटिंग.

फ्रान्समध्येही सगळं आलबेल नाहीये हं. त्यांच्या नेहमीच्या कीबोर्डवर रेघवाला ई २ च्या बटणावर असतो, पण कॅपिटल ई वर रेघ द्यायला थेट बटण नाही. त्यामुळे मोठ्या अक्षरांवर ॲक्सेंट देतच नाहीत, असा तिथल्याही पुष्कळांचा समज. त्यांची भाषा अकादमी मात्र सांगते की द्यायलाच हवा, नाहीतर अर्थ बदलतो. शेवटी २०१९ मध्ये तिथे नव्या कीबोर्डचं प्रमाणपत्रक निघालं, त्यात ही सोय केली. आणि २०१६ मध्ये शाळेच्या पुस्तकांत काही शब्दांवरची टोपी ऐच्छिक होणार म्हटल्यावर तर केवढी बोंबाबोंब झाली! ती टोपी बऱ्याचदा एका हरवलेल्या एस ची खूण असते. इंग्रजीत ‘फॉरेस्ट’, फ्रेंचमध्ये ‘फोरे’. एस गेला, टोपी राहिली. गेलेल्या माणसाची खुंटीवर टोपी राहते तशी.

माझ्या नावाची गोष्ट

आता शेवटचं. माझं आडनाव काळे. इंग्रजीत के, ए, एल, ई. अमेरिकन क्लायंट मला ‘मिस केल’ म्हणतात. ती एक पालेभाजी आहे, सॅलडमध्ये घालतात. मादाम पहिल्या दिवसापासून म्हणायच्या ‘मादम्वाझेल काल’. दर वेळी मी आतल्या आत चरफडायचे. एवढं साधं नाव, नीट म्हणता येत नाही?

काम संपलं त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर मी धीर करून म्हणाले, ‘मादाम, माझं आडनाव काल नाही. काळे.’

त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. मग खरोखर गोंधळून विचारलं, ‘मग त्याच्यावर रेघ कुठे आहे? रेघ नसेल तर आम्ही तो ई म्हणणारच नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कसं कळणार?’

मी काय बोलणार? खारं लोणी मीच घाणेरडं केलं होतं.

कॉल ठेवल्यावर काळा पडदा उघडला. माझं आडनाव टाइप केलं. शेवटच्या ई पाशी थांबले. कंट्रोल-के, ई, कोट. रेघ उमटली. आता कुठलाही फ्रेंच माणूस ते वाचून निदान ‘काले’ म्हणेल. हौसेने स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं, शुद्धलेखनासकट: ‘छान. पण ळ चा ल झाला, त्याचं काय?’

त्याला अजून कुठलं बटण सापडलेलं नाही. पण मादामना मी व्हॉइस नोट पाठवून ठेवलीये. त्या रोज गाडी चालवताना ‘ळ’ ची प्रॅक्टिस करतात म्हणे.

ट्राय करून बघा!

– टर्मिनलमध्ये कचरा दिसला, तर काहीही पुसायच्या आधी कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ आहे का ते बघा. माझे चार हजार गेले, तुमचे वाचवा.
– व्हिममध्ये कंट्रोल-के, मग अक्षर, मग खूण. सगळी यादी हवी असेल तर कोलन देऊन ‘डायग्राफ्स’ लिहा.
– ईमॅक्स वापरत असाल तर कंट्रोल-एक्स, मग ८, मग कोट, मग ई.
– विंडोजवर ‘यूएस इंटरनॅशनल’ कीबोर्ड लावला की आधी कोट आणि मग ई दाबायचं. फक्त साधा कोट हवा असेल तेव्हा त्यानंतर स्पेसबार मारायला विसरू नका.
– फोनवर ई दाबून धरा. सगळे भाऊबंद आपोआप बाहेर येतात.
– आणि पाठवायच्या आधी लोणी एकदा तपासा!